काचा शाबूत आहेत

आमच्या शाळेत कुणी घर तपासून घ्यायचं म्हणालं की स्टाफरूममधल्या माना माझ्याकडं वळतात. "मॅडम, तुम्ही केलं होतंत ना? काय काय बघतात हो?" मी डब्यातली भाजी संपवते आणि सांगते. इंजिनियर येतो. भिंती ठोकतो, ओळंबा सोडतो, गच्चीवर जातो, घराच्या मागं जातो, मोरीच्या कोपऱ्यात वाकून बघतो. गवंडी कोण होता, वाळू कुठली होती, स्लॅबवर पाणी नीट मारलं होतं का, असलं सगळं विचारतो. अख्खी दुपार जाते. एवढं सांगून मी थांबते. पुढचं त्यांना नको असतं आणि मला सांगवत नाही. एकदा एका सरांनी विचारलं, "पण शेवटी घर चांगलं की वाईट ते सांगतो ना?" मी म्हटलं, "तेवढंच सांगत नाही." त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय.

घर माझं नव्हतं, आईबाबांचं होतं. वरंधच्या अलीकडं, रस्ता सोडून थोडं वर चढलं की आमची वाडी लागते. बाबांनी सगळी नोकरी महाडच्या एमआयडीसीत केली, पाळ्यांमध्ये, औषधांचे वास अंगावर घेऊन. रिटायर झाल्यावर त्यांनी आमच्या जुन्या नाचणीच्या तुकड्यावर स्लॅबचं घर बांधलं. मागं डोंगर, पुढं अंगण. मी एकुलती एक. लग्न होऊन महाडात दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहते आणि रोज पोलादपूरच्या बाजूला शाळेत जाते. म्हणजे त्या घरात राहणारी माणसं दोनच, आणि त्यातल्या आईला त्या घराचं इतकं वेड की माझ्याकडं आली तरी संध्याकाळची गाडी चुकेल म्हणून दुपारपासून पिशवी मांडीवर घेऊन बसायची.

भेग स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून निघाली आणि तिरकी वर स्लॅबकडं गेली. पहिल्या वर्षी केसाएवढी. बाबांनी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. दर उन्हाळ्यात ते लांबी भरायचे आणि दिवाळीपर्यंत भेग परत हजर असायची. आईनं तिच्यावर कॅलेंडर लावलं. दर वर्षी मी शाळेतलं एक कॅलेंडर तिला नेऊन द्यायचे. एका वर्षी तिनं दोन मागितली. कशाला म्हणून बघायला गेले तर भेग कॅलेंडरच्या बाहेर आली होती.

मी त्याच दिवशी ठरवलं, माणूस आणायचा. वाडीत हसले. घर बांधायच्या आधी इंजिनियर आणतात हे त्यांना माहीत होतं. राहतं घर बघायला कुणी आणलेला त्यांनी पाहिला नव्हता. बाबांना तर तो अपमानच वाटला.

"मी बांदलेलं घर दुसरा कोन येऊन नापास करनार?"

"नापास कुणी करत नाही बाबा. डॉक्टर बघतो तसं बघेल."

चुलीकडून आई म्हणाली, "डाक्टरनं बगितलं का कायतरी निगतंच गो बाय. नको ना बगायला."

मी कुणाचं ऐकणारी नाही. ही खोड बाबांचीच. ओळखीतून महाडातल्या एका इंजिनियरला गाठलं. जुन्या इमारती तपासणं हेच त्याचं काम. गुरुवारी त्याला वेळ होता. मी रजा टाकली आणि त्याच्याच गाडीतून वाडीला निघाले. वाटेत मी त्याला भेगेचं सगळं पुराण सांगितलं. तो म्हणाला, भेग बघितल्यावर बरंच कळतं. कडा धारदार आहेत की बोथट, आत धूळ बसलीय की नाही, वर रुंद आहे की खाली, यावरून ती जुनी की चालू ते समजतं. मला बरं वाटलं. वाटलं, संध्याकाळपर्यंत निकाल हातात.

अंगणात पाय ठेवला आणि रंगाचा वास आला.

अख्खं घर पोपटी झालं होतं. ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत ताजा डिस्टेंपर. बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. कॅलेंडर काढून खिळ्याचं भोकसुद्धा बुजवलेलं. इंजिनियरनं टॉर्च लावला, भिंतीवर वर-खाली फिरवला आणि विचारलं, "भेग कुठं आहे?"

"आता नाय," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर असा आनंद, की जणू बक्षीसच मिळणार आहे.

मी कपाळाला हात लावला. "बाबा, अहो भेगच बघायला आले ते!"

"मग पाहुना येनार म्हटल्यावर घर काय तसंच दाखवायचं?"

त्यांचं तरी काय चुकलं. आमच्याकडं गौरी-गणपती आले की रंग, लग्न ठरलं की रंग, मुलगी बघायला येणार असले की आदल्या रात्रीपर्यंत रंग. मला बघायला आले तेव्हाही मी ओल्या भिंतीला न टेकता ताठ बसले होते, आणि सासरच्यांना वाटलं होतं, मुलगी फार करारी आहे. घर परक्या नजरेसमोर आजारी दाखवायचं नसतं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

इंजिनियर चिडला नाही. त्यानं हातोडी काढली आणि भिंत ठोकायला सुरुवात केली. भरीव आवाज, भरीव आवाज, मग एकदम पोकळ. बाबा त्याच्या मागोमाग. प्रत्येक ठोक्याला त्यांचा खांदा हलायचा. मग घराच्या मागं गेले. डोंगराच्या बाजूला बाबांनी दगडी बांध घातला होता. इंजिनियर त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"बांधाला पोट आलंय काका."

"ते पहिल्यापासून तसंच हाय."

"बांधला तेव्हापासून?"

बाबांनी जोत्यावर पडलेलं वाळकं पान उचललं आणि खाली टाकलं.

आईनं कोंबडी-वडे केले होते. इंजिनियरचा गुरुवारचा उपास निघाला. त्यानं एक केळं खाल्लं आणि चहा घेतला. आई मला आत ओढून म्हणाली, "उपाशी मानूस काय खरं सांगनार?" तिला खरं नकोच होतं, पण वडे वाया गेले याचं दुःख मात्र खरं होतं.

चहा झाल्यावर त्यानं तीन ठिकाणी नवा रंग आणि लांबी खरवडून काढली. खाली भेग तशीच होती. तिच्यावर आडवी अशी काचेची एकेक पातळ पट्टी ठेवून दोन्ही टोकं भिंतीला घट्ट चिकटवली. एक स्वयंपाकघरात वर, एक खिडकीपाशी, एक बाहेरच्या बाजूला. मग आम्हा तिघांना समोर उभं करून, मी वर्गात सांगते तसं सांगितलं. भिंत थांबली असेल तर काच राहील. भिंत जराशीही सरकली तर काच तडकेल, कारण काचेला ताण सोसत नाही. तडकली तर फोन करा. नाहीतर पाऊस संपला की मी येतोच.

"पण आत्ता काय?" मी विचारलं. "यांनी इथं राहायचं की नाही?"

"आत्ता सांगता येणार नाही."

"अहो, सबंध दिवस बघितलंत की!"

"मॅडम, आज दिसतं तेवढंच मी सांगू शकतो. आणि आज बरंच झाकलेलं आहे."

मला त्याचा संताप आला. रजा टाकून, वाडीचं हसू सोसून मी हो किंवा नाही ऐकायला आले होते, आणि हा तीन काचा चिकटवून निघाला. आई मात्र खूश होती. नाही म्हणाला नाही ना, मग झालं.

त्या पावसात मी रोज सकाळी शाळेला निघताना फोन करायचे. "बाबा, काचा?" "मस्त हायत." "तिन्ही?" "तिन्ही." माझा जीव भांड्यात पडायचा आणि मी गाडी पकडायचे. मधे दोनदा जाऊनही आले. काचा चकचकीत. आई देवाच्या तसबिरीसारख्या त्या रोज ओल्या फडक्यानं पुसायची. बाहेर डोंगरावरून पाणी धो धो उतरत होतं, मागचा ओहोळ अंगणापर्यंत ऐकू येत होता, आणि घरात त्या तीन काचा शांत. मला वाटलं, सुटलो. नवऱ्यालाही सांगून टाकलं की माझाच स्वभाव संशयी.

दिवाळी झाली आणि इंजिनियर आला. त्यानं एकेक काच टॉर्च लावून पाहिली, नखानं टोकं दाबून पाहिली. मग वळला आणि पहिल्यांदाच हसला. "काचा शाबूत आहेत. भिंत थांबलेली दिसतेय."

आईनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. लगेच चहा टाकला. कपबशी त्याच्या हातात देताना ती इतकी मोकळी झाली होती की आपणहून बोलायला लागली. "ह्यांनी लय जपल्या वो सायेब. फुटली का लगेच बिरवाडीला जाऊन फोटोफ्रेमवाल्याकडून तशीच कापून आनायची. पुन्ना चिकटवायची. तुमची वस्तू, तुमाला जशीच्या तशी मिळाली पायजे."

इंजिनियरनं कप खाली ठेवला.

"किती वेळा फुटली?"

बाबा खाली बघत होते. आईच म्हणाली, "वरची चार-पाचदा आसंल. बाकीच्या दोनदा-दोनदा. फुटकी काच घरात ठेवायची नाय ना सायेब, वंगाळ आसतं. मीच काडायला सांगायची."

मी बाबांकडं बघत होते. लहानपणी शेजारच्या काकूंची लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली होती. बाबा रात्रपाळी करून आले होते. न झोपता, न जेवता ते महाडला परत गेले आणि तशीच बरणी घेऊन आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. काकूंच्या हातात बरणी देऊन म्हणाले, आमच्या हातून मोडली. परक्याची वस्तू आपल्या घरात मोडली तर भरून द्यायची, हे त्यांच्या रक्तातच होतं. मग इंजिनियरनं भरवशानं सोपवलेली काच फुटल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं?

तरी मी विचारलंच. "मी रोज फोन करत होते ना बाबा?"

"तू इचारायचीस तवा नवीन लावलेली असायची. मी खोटं नाय बोललो."

"त्यांनी सांगितलं होतं ना, फुटली तर काय समजायचं ते?"

"समजलं व्हतं." बाबांनी पहिल्यांदा वर बघितलं. "सायेब आल्यावर सांगनार व्हतो. पन ते हसले. हीबी रडली. मग म्हटलं, राहू दे."

इंजिनियर उठून पुन्हा मागं गेला. या वेळी आम्ही कुणी त्याच्यामागं गेलो नाही. परत आला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता. डोंगराकडची जमीन सरकतेय, बांध तिच्याबरोबर येतोय आणि घराचा मागचा भाग त्याच्याबरोबर, असं त्यानं सांगितलं. भिंत बांधून काढली तरी उपयोग नाही. पुढचा पाऊस यांनी या स्लॅबखाली काढू नये.

बाबांनी विचारलं, "मी काच बदलली नसती तर घर वाचलं असतं का?"

"नाही काका. फक्त आधी कळलं असतं."

"मग बदलली तेच बरं केलं," बाबा म्हणाले. त्यात खोच नव्हती. ते खरंच तसं समजत होते, आणि मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"पडेल का?" मी इंजिनियरला गाडीपर्यंत जाऊन विचारलं. "कधी पडेल?"

"पडेलच असं नाही. पडणार नाही असंही नाही. मी राहू नका एवढं सांगू शकतो."

एवढ्यासाठी माणूस आणतात. तुमच्या घराखाली काय चाललंय ते तो सांगतो आणि आपल्या गाडीत बसून जातो. ते घेऊन जगायचं तुम्ही.

वैशाखात मी दोघांना महाडला आणलं. सहजासहजी नाही. मी रडले, ओरडले, वाडीसमोर आईला हट्टी म्हातारी म्हटलं. तिचं एकच, "लेकीच्या घरी ऱ्हायचं?" तिच्या आईनं लेकीच्या घरचं पाणीही प्यायलं नव्हतं, नातवंड होईपर्यंत. आम्हाला मूल नाही. म्हणजे तिला तेवढाही आधार नाही. माझा नवरा भला माणूस. त्यानं आतली खोली दिली, पंखा बदलला, तिला कपाट रिकामं करून दिलं. तो जितका चांगला वागायचा तितकी ती आक्रसायची. कपाटात तिनं कधी काही ठेवलं नाही. तिची पातळं पिशवीतच असायची. चहात साखर कमी पडली तर माझ्याकडं बघायची, डब्याला हात लावायची नाही. आयुष्यभर जिनं चुलीपुढून सगळ्या घराला हुकूम सोडले, ती माझ्या ओट्याजवळ पाहुणीसारखी उभी राहायची आणि विचारायची, "मी काय करू गो?" मला ते सहन व्हायचं नाही. मी तिच्यावरच खेकसायचे.

पावसात सावित्री नदी वर आली आणि खालच्या मजल्यावरच्यांचं सामान आम्ही सगळ्यांनी जिन्यात आणून रचलं. आई खिडकीतून पाणी बघत होती. "तिकडं डोंगर, हिकडं नदी," ती म्हणाली. "मग तिकडंच काय वाईट व्हतं?" मी परत सामान उचलायला जिन्यात गेले.

बाबा दर दोन-चार दिवसांनी एसटीनं वाडीला जायचे. घराला कुलूप होतं. ते ओटीच्या पायरीवर बसून परत यायचे. आई दारातच विचारायची. ते चप्पल काढता काढता सांगायचे, "हाय तसंच हाय." पाऊस गेला. घर उभं. दुसरा पाऊस आला, लोकांची शेतं वाहिली, घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला. घर उभं. वाडीत कुणाकडं लग्नाला गेले तर बायका मला कोपऱ्यात घेऊन म्हणायच्या, "घराला तर कायसुदा झालं नाय गो. उगाच म्हातारीला उपटून नेलंस." मी इंजिनियरला फोन केला. तो म्हणाला, धोका तेवढाच आहे. मग हळूहळू माझ्या मनाला एक घाण सवय लागली. जोराचा पाऊस लागला की मी खिडकीशी उभी राहायचे आणि ते घर पडावं म्हणून वाट बघायचे. एकदाचं पडू दे. म्हणजे आईला कळेल, मी का आणलं ते. ते पडलं नाही.

आई पडली. आधी ताप, मग छातीत कफ, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, वय आहे, खात नाहीत, अंगात जोर नाही. खात नव्हती हे मला माहीत होतं. लेकीच्या घरचं ती पोटभर कधी जेवलीच नाही. शेवटच्या दिवसांत तिनं मला एकदाच विचारलं, हाक मारून, अगदी शुद्धीत. "बाय, आता जायचं का घरी?" मी म्हटलं, "बरी हो, मग जाऊ." ती माझ्याकडं बघत राहिली. माझं खोटं तिला लगेच कळायचं.

पाऊस नुकताच संपला होता. अॅम्ब्युलन्स वाडीच्या चढापर्यंत गेली. तिथून तिला चौघांनी अंगणात आणली. ऊन कडक होतं. बायका पुढं झाल्या. आंघोळ घालायला आत घ्या म्हणाल्या. मी दारात जाऊन उभी राहिले. वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाले, "आत कुणी जायचं नाही. इथंच अंगणात काय ते करा." ज्यांनी मला दोन पावसाळे हसून घेतलं होतं तेही थबकले. पोरांना मागं ओढलं. कुणीतरी तिच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून छत्री धरली.

बाबा पायरीवर बसले होते. ते उठले, माझ्या बाजूनं हात घालून कुलूप काढलं आणि दार ढकललं. मग वळून अंगणातल्या माणसांना म्हणाले, "तिला तरी आत न्या रे. स्लॅब पडला तर आता तिला काय व्हनार हाय?"

चौघे पुढं झाले. मी दारातून बाजूला झाले.